रक्तातील मेदाम्ले आणि दीर्घकालीन आरोग्य

जमाखर्चाच्या पानांसोबत आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाची माहिती वाचकांपुढे ठेवावी, असा आमचा प्रयत्न असतो. यंदाचा विषय रुग्णांच्या नातेवाइकांनीच सुचविला, असे म्हणावयास हरकत नाही. हृदयविकाराचा रुग्ण घरी जावयास निघाला की "आता तेल कोणते वापरावे?" हा प्रश्न हमखास येतो. त्यात अलीकडे माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची भर पडली आहे. एका हितचिंतक कुटुंबाने तर वडिलांच्या स्मरणार्थ आपल्या सर्व हृदयरुग्णांना वर्षभर अशा कॅप्सूल मोफत देता याव्यात म्हणून निधी देऊ केला. रक्कम लहान नव्हती आणि भावना तर त्याहून मोठी होती. निर्णय करण्यापूर्वी विश्वस्त मंडळाने आपल्या डॉक्टरांना या विषयावरील संशोधन पाहण्यास सांगितले. त्यातून जे समोर आले ते येथे मांडत आहोत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने शास्त्रीय भाग डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे.

तेल, तूप, लोणी, दाण्यांतील स्निग्धांश, मांसातील चरबी हे सर्व पदार्थ प्रामुख्याने मेदाम्लांचे बनलेले असतात. काही मेदाम्ले संपृक्त, काही असंपृक्त. असंपृक्तांपैकी लिनोलेइक आम्ल आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल ही दोन शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. पहिले ओमेगा-६ कुळातील, दुसरे ओमेगा-३ कुळातील. समुद्रातील माशांत विपुल आढळणारी ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ कुळातीलच लांब साखळीची मेदाम्ले होत. मेंदू व डोळ्यांतील पडदा यांच्या घडणीत डीएचएचा मोठा वाटा असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आपल्या प्रयोगशाळेत होणाऱ्या 'लिपिड प्रोफाइल' तपासणीत कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड यांचे प्रमाण कळते. रक्तातील मेदाम्ले कोणकोणती आणि शेकडा किती, हे त्यात कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी या पद्धतीने वेगळी तपासणी करावी लागते. संशोधक ती बहुधा तांबड्या पेशींच्या आवरणावर करतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्या आवरणात त्या काळातील आहाराचे प्रतिबिंब उतरते. आमच्या भाषेत सांगावयाचे तर कालचे जेवण ही रोजकीर्दीतील एक नोंद. तांबड्या पेशी म्हणजे चार महिन्यांचा ताळेबंद. मधुमेहाच्या रुग्णांना तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी परिचित आहे, तिच्याशीही हिची तुलना करता येईल. माणूस आहाराविषयी सांगताना विसरतो, कधी संकोचाने कमी-अधिक सांगतो. रक्त तसे करीत नाही. म्हणूनच आहार आणि आयुष्य यांचा संबंध शोधणाऱ्यांना ही तपासणी मोलाची वाटली.

या शोधाची सुरुवात ग्रीनलंडमध्ये झाली. १९७० च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तेथील इन्युइट लोकांचे रक्त तपासले. सील व मासे यांवर जगणाऱ्या या लोकांच्या रक्तातील मेदाची घडण डेन्मार्कमधील लोकांहून निराळी आढळली, आणि त्यांच्यात हृदयविकार कमी असण्याचे कारण हेच असावे, असा विचार पुढे आला. मात्र त्यांनी मोजले होते ते रक्त. हृदयविकार कमी असल्याची समजूत मुख्यतः सरकारी नोंदींवर आधारलेली होती आणि त्या नोंदींच्या भरवशाविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण या विषयात हाच पेच पुन्हा पुन्हा येतो.

त्यानंतरच्या पाहण्या अधिक भक्कम आहेत. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे पिढ्यानपिढ्या चालू असलेल्या अभ्यासातील, हृदयविकार नसलेल्या सुमारे २५०० व्यक्तींच्या तांबड्या पेशींतील ईपीए व डीएचए मोजून त्यांची सुमारे सात वर्षे नोंद ठेवण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यातील लोकांत सर्वांत खालच्या हिश्श्याच्या तुलनेत मृत्यूचा धोका ३४ टक्क्यांनी कमी होता. २०२१ साली १७ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून ४२,४६६ व्यक्तींचा विचार झाला. सुमारे १६ वर्षांच्या काळात त्यांपैकी १५,७२० जण मरण पावले होते. येथेही वरच्या हिश्श्यात मृत्यूचा धोका १५ ते १८ टक्क्यांनी कमी आढळला.

ओमेगा-६ विषयीही असेच मोठे काम झाले आहे आणि आमच्या मते आपल्या जिल्ह्यासाठी ते अधिक महत्त्वाचे आहे. करडई, सोयाबीन, सरकी या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि ते शरीरात दाह वाढविते, असे हल्ली पुष्कळ सांगितले जाते. २०१९ साली १३ देशांतील ३० अभ्यासांतून ६८,६५९ व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. ज्यांच्या शरीरात लिनोलेइक आम्ल अधिक, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू अधिक नव्हते, कमीच होते. तेव्हा केवळ भीतीपोटी करडईचे तेल टाकून देण्याचे कारण नाही.

हे आकडे वाचून कोणासही वाटेल की मग कॅप्सूल वाटाव्यात. येथेच थांबून विचार करणे आवश्यक आहे. ज्याच्या रक्तात ओमेगा-३ अधिक, तो बहुधा नियमित मासे खाणारा, बरे उत्पन्न असणारा, तंबाखूपासून दूर राहणारा आणि वेळच्या वेळी डॉक्टरांकडे जाणाराही असतो. संशोधक गणिताने हे भेद वजा करतात, पण सारेच वजा होतात असे नाही. पेढीच्या दारात मोटार उभी असणे हे भरभराटीचे लक्षण असेल. म्हणून दारात मोटार आणून उभी केल्याने पेढी भरभराटीस येत नाही. खरी परीक्षा तेव्हाच होते, जेव्हा चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे दोन गट करून एकाला कॅप्सूल व दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली जाते.

अशी परीक्षा अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झाली. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ पाच वर्षांहून अधिक काळ दिल्यावरही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू यांच्या एकत्रित संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. हृदयविकाराचे झटके काहीसे कमी झाले, हेही प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रुग्णांना चार ग्रॅमची मोठी मात्रा देऊन केलेल्या दोन परीक्षांची उत्तरे परस्परविरोधी आली : २०१८ मधील एकीत केवळ ईपीएचे शुद्ध औषध वापरले होते व झटके वगैरे घटना एकचतुर्थांशाने घटल्या, २०२० मधील दुसरीत ईपीए व डीएचए यांचे मिश्रण होते व काहीच लाभ दिसला नाही. पहिलीत तुलनेसाठी वापरलेल्या खनिज तेलानेच दुसऱ्या गटाचे नुकसान झाले असावे काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. शिवाय मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका काही प्रमाणात वाढतो, हे अनेक परीक्षांच्या एकत्रित हिशोबातून दिसले आहे.

आपल्या जवळचे उदाहरण बेळगावचे. पुण्यात भारती विद्यापीठाच्या 'इर्शा' संस्थेत डॉ. साधना जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर मातांच्या रक्ताचा व वारेचा अभ्यास केला, तेव्हा गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या किंवा दिवस भरण्यापूर्वी प्रसूत झालेल्या मातांमध्ये डीएचए कमी असल्याचे आढळले होते. मग डीएचए दिल्यास बाळाला लाभ होईल काय? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात ९५७ गरोदर स्त्रियांवर ही परीक्षा घेण्यात आली. निम्म्या मातांना विसाव्या आठवड्यापूर्वीपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए देण्यात आले. ते माशांपासून काढलेले नसून शेवाळापासून काढलेले असल्याने शाकाहारी मातांनाही चालणारे होते. बाळांचे जन्माच्या वेळचे वजन, उंची व डोक्याचा घेर यांत फरक आढळला नाही. बारा महिन्यांच्या वयातील विकासाची मोजणीही दोन्ही गटांत सारखीच आली. दिवस भरण्यापूर्वीच्या प्रसूती टाळण्याबाबत मात्र जगभरच्या ७० परीक्षांचा २०१८ मधील आढावा अनुकूल आहे. म्हणून गरोदर मातांचा प्रश्न आम्ही प्रसूतितज्ज्ञांवर सोपविला असून प्रत्येकीचा विचार स्वतंत्रपणे होतो.

हे सर्व मंडळापुढे आल्यावर चर्चा दीर्घ झाली. एका विश्वस्तांचे म्हणणे असे की, अपाय फारसा नसेल तर देणगीदारांची इच्छा का मोडावी? प्रश्न रास्त होता. परंतु धर्मादाय निधीतील एक रुपया एकदाच खर्च होतो. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी यांच्या पुढाकाराने २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, जगभरातील रुग्णांची माहिती तपासणाऱ्या अभ्यासात दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर अन्य देशांतील माणसाला सुमारे ५९ व्या वर्षी येतो, असे दिसले. हे सहा वर्षांचे अंतर बव्हंशी तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील दूषित मेद यांसारख्या परिचित कारणांनी पडते. घाटंजी, झरी, मारेगावकडचा शेतकरी रक्तदाबाची गोळी दोन महिन्यांत बंद करतो, ती बहुधा पैशाअभावी आणि एस.टी.ने यवतमाळला येण्यात दिवसाची मजुरी बुडते म्हणून. त्याच्या रक्तातील ओमेगा-३ वाढविण्यापूर्वी ती गोळी चालू राहिली पाहिजे, असे मंडळाचे मत पडले. देणगीदार कुटुंबास ही कागदपत्रे दाखविण्यात आली. त्यांनी ती वाचली, दोन दिवसांनी प्रश्न विचारले आणि निधी रक्तदाब व कोलेस्टेरॉलच्या औषधांसाठी वापरण्यास लेखी संमती दिली. त्यांच्या वडिलांचे नाव त्या योजनेस देण्यात आले आहे. मेदाम्लांच्या तपासणीचे यंत्र घेण्याचा विचारही तूर्त नाही. निकाल हाती आल्यावर उपचारात काय बदल करावयाचा हे निश्चित नसताना रुग्णाकडून त्याचे पैसे घेणे आम्हास योग्य वाटत नाही.

आता तेलाचा प्रश्न. आपला जिल्हा कापसाचा, म्हणून सरकीचे तेल येथे परके नाही. आता शेतात सोयाबीनच अधिक दिसते. पूर्वी रब्बीत कोरडवाहू जमिनीवर जवस सर्रास होई, घाण्यावरचे जवसाचे तेल विदर्भात खाण्यातही असे. ते मागे पडले. वास्तविक जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. इतर कोणत्याही नेहमीच्या खाद्यतेलात ते इतके नाही. सोयाबीन तेलात ते शेकडा सातच्या जवळपास असते, करडईत जवळजवळ नसतेच. शरीर या आम्लापासून थोडे ईपीए बनविते, डीएचए मात्र अत्यल्प. त्यामुळे जवस खाऊन मासे खाल्ल्याचे फळ मिळते, असे कोणी सांगत असल्यास ते खरे मानू नये. तरीही शाकाहारी घरासाठी ओमेगा-३ चा याहून स्वस्त स्रोत आम्हास ठाऊक नाही.

कोणतेही एकच तेल सर्वगुणसंपन्न नसते. आलटून-पालटून तेले वापरावीत आणि माणशी महिना अर्ध्या लिटरच्या आत राहावे, असे आमच्या आहारतज्ज्ञ सांगतात. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्ले मात्र निःसंशय घातक आहेत. १ जानेवारी २०२२ पासून तेल व वनस्पतीत त्यांचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, तथापि सुट्या मालाची खात्री कोण देणार?

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून तीन दिवस भाकरीबरोबर जवसाची चटणी दिली जाते. जवसाचे तेल हवेने लवकर बिघडते, रंगकामात ते वापरतात ते याच गुणामुळे. म्हणून जवस मंद आचेवर भाजून चार-पाच दिवस पुरेल इतकीच चटणी कुटावी, झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि खवट वास येताच टाकून द्यावी. मीठ बेताचेच घालावे, कारण आपले निम्मे रुग्ण रक्तदाबाचे असतात, असे स्वयंपाकघरातील भगिनी गमतीने म्हणतात. ज्यांना कृती हवी असेल त्यांनी रुग्णास घरी नेण्यापूर्वी त्यांच्याकडे विचारणा करावी.