उपसूचना आधी, ठराव नंतर

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत गच्चीदुरुस्तीसाठी पाच लाखांचा ठराव आला. एका सभासदाने ‘चार लाख’ अशी उपसूचना मांडली. अध्यक्षांनी दोन्ही एकदम मताला टाकले. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आधी फक्त उपसूचनेवर मत घ्यायचे. ती मंजूर झाली तरी खर्च मंजूर होत नाही, फक्त ठरावाचे शब्द बदलतात. सुधारित ठराव पुन्हा मताला टाकावाच लागतो आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. चार लाखांना पसंती देणारा सभासद मुळात खर्चालाच विरोध करू शकतो. त्याचा तो हक्क हिरावू नये. ‘दुरुस्ती करूच नये’ ही मात्र उपसूचना नव्हे. तसे वाटणाऱ्याने मूळ ठरावाविरुद्ध मत द्यावे. पुढच्या वेळी उपसूचना लेखी घ्यायला आणि मतदानापूर्वी वाचून दाखवायला सांगा.