नव्या यंत्राच्या काळात मुलांनी काय शिकावे?



आपल्या घरची बरीच मुले-मुली आज पुण्या-मुंबईला कचेरीत, संगणकावर कामाला आहेत. गव्हाणीजवळ गाडी उभी करून आई-बाप एकच विचारतात, "ते एआय आलंय म्हणं, आता पोरांच्या नोकरीचं काय?" प्रश्न रास्त आहे. पत्रे लिहिणे, टाचणे काढणे, तक्ते भरणे, प्रोग्रॅम लिहिणे यातले पुष्कळसे काम हे यंत्र क्षणात करते. ते नाकारण्यात अर्थ नाही. मग माणसाकडे उरते काय?

अमेरिकेत 2023 साली घडलेले पाहा. अव्हियान्का विमान कंपनीविरुद्ध एका प्रवाशाचा दुखापतीचा दावा न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात चालू होता. प्रवाशाच्या वकिलाने, तीस वर्षे वकिली केलेल्या गृहस्थाने, जुन्या निकालांचे दाखले चॅटजीपीटीकडून मिळवले. खटल्यांची नावे होती, उतारेही होते. खात्रीसाठी त्याने यंत्रालाच विचारले, हे खरे ना? यंत्र म्हणाले, खरे. (चोरालाच पंच नेमल्यासारखे झाले!) कागदावर सही सहकाऱ्याची, त्यानेही दाखले न तपासता ती केली. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी दोघा वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला मिळून 5,000 डॉलर दंड केला. यंत्राला कोण दंड करणार?

आता आपल्या शिवारात या. आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची नत्राची शिफारस हेक्टरी 400 किलो, म्हणजे एकरी 160. सगळे नत्र युरियातून धरले, तर 45 किलोची पावणेआठ पोती होतात. यंत्राच्या उत्तरात हेक्टरच्या जागी एकर पडले, की तीच एकोणीस पोती. मराठी शुद्ध, तक्ता देखणा, आकडा चुकीचा. शेतात राबलेला गडी लगेच म्हणेल, "एवढं खत कुणी टाकतं का रं?" ज्याने खताचा हिशेब कधी हाताने केला नाही, तो मात्र तक्ता तसाच पुढे पाठवील.

कचेरीतही हेच. मूळ कागद उघडून पाहणे आणि आकडा पटला नाही तर थांबणे, ही सवय ज्याला आहे त्याची गरज राहील. समोरच्याला नेमके काय हवे ते विचारून घेणेही तितकेच मोलाचे. लागण आडसाली की सुरू, हे न विचारताच मात्रा सांगणारा हुशार असून उपयोग काय? सुरूला शिफारस हेक्टरी 250 किलोचीच आहे.

आम्हाला खरी काळजी नवशिक्यांची वाटते. चुका करत शिकायचे प्राथमिक कामच यंत्राकडे गेले, तर पारख यायची कोठून? म्हणून यंत्र वापरावे, पण पहिली काही वर्षे आधी आपले उत्तर कागदावर मांडावे, मग यंत्राचे पाहावे. दोहोंत फरक पडला तर तो का पडला, हे वरिष्ठांना जाऊन विचारावे.

दिवाळीला मुले घरी येतील. माती परीक्षणाचा अहवाल त्यांच्या हाती द्या, आपल्या प्लॉटची खतमात्रा आधी हाताने आणि मग यंत्राकडून काढायला सांगा. दोन्ही कागद घेऊन गट ऑफिसला या. शेतकी खात्याचे लोक ताडून देतील.