चंदेरी पाठीची बोरी

वेळा अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवसीला, नांदेड-लातूरकडची मुले शेतात जेवायला जातात आणि बांधावरची बोरी झोडपल्याशिवाय परतत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात कोणी पाणी न घालता हे झाड फळते कसे?

बोरीचे एक पान तोडा. वरची बाजू हिरवी, चकचकीत आहे. आता पान उलटे करा. पाठ चंदेरी दिसते ना? भिंगातून पाहिल्यास तेथे बारीक लव दिसेल. या केसांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून कापसाप्रमाणे ती पांढरी दिसते.

या लवेचा उपयोग काय? पानातील पाण्याची वाफ ज्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडते त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. बोरीची बहुतेक पर्णरंध्रे पानाच्या पाठीवर असतात. लवेत हवा अडकून राहते. त्यामुळे वाऱ्याचा झोत थेट रंध्रांवर येत नाही आणि पाणी सावकाश उडते.

हे पडताळून पाहा. सारख्या आकाराची दोन ताजी पाने घ्या. एकाच्या वरच्या बाजूला व दुसऱ्याच्या पाठीवर व्हॅसलीन लावा. दोन्ही पाने दोऱ्याने सावलीत टांगा. दुसऱ्या दिवशी कोणते पान जास्त सुकले आणि का, ते वहीत लिहा.

पण बोरीची खरी युक्ती याहून मोठी आहे. तिचे सोटमूळ खोल जाते. उन्हाळ्यात तर ती पाने गाळून चक्क झोपी जाते. पानेच नसली की पाण्याचा खर्चही जवळजवळ थांबतो. पावसाळ्यात नवी फूट येते. या नव्या फांद्यांवर, पानांच्या बगलेत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फुले येतात आणि थंडीत बोरे पिकतात. पाऊस, फुले आणि झोप यांचे हे वेळापत्रक ओळखले की निगा राखणे सोपे जाते.

लागवड अशी करावी. गावठी बोरांच्या आठ्या मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. तरंगणाऱ्या काढून टाकाव्यात, तळाशी बसलेल्या धुऊन घ्याव्यात. आठीचे कवच जपून फोडल्यास बी लवकर उगवते. बी शेतातच, कायमच्या खड्ड्यात लावणे चांगले, कारण रोप उपटून दुसरीकडे लावताना सोटमूळ दुखावते. खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की पावसाळ्यात त्यावर उमराण, कडाका किंवा मेहरूण अशा चांगल्या जातीचा डोळा भरावा. मुळे गावठी, फळ मात्र निवडलेल्या जातीचे! डोळ्याच्या खाली येणारे फुटवे काढत राहावे. नाहीतर गावठी फांदीच वरचढ होते.

झाड काटक असले तरी रोप नाजूक असते. पहिले दोन उन्हाळे त्याला थोडे पाणी आणि शेळ्यांपासून संरक्षण हवे.

मोठ्या झाडाची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत, झाड झोपेत असताना करावी. फळ नव्या फुटीवर येत असल्याने छाटणी टाळली तर बोरे बारीक होत जातात. त्या काळात पाणी देऊ नये. फळमाशीचे कोष झाडाखालच्या मातीत असतात. म्हणून किडकी बोरे वेचून नष्ट करावीत व उन्हाळ्यात आळे खणून माती तापू द्यावी. पानांवर किंवा फळांवर पांढरी भुकटी दिसल्यास तो भुरी रोग समजावा व कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

काटे टोचतात म्हणून बांधावरची बोरी अनेकदा तोडली जाते. पण गावठी झाडही छाटून, त्याच्या नव्या फुटीवर डोळा भरून सुधारता येते. त्याची खोल गेलेली मुळे आपल्याला आयतीच मिळतात. तुमच्या शाळेच्या परिसरातील बोरी मोजा. कोणती केव्हा पाने गाळते, कोणती केव्हा फुलते, याची वर्षभर नोंद ठेवा. ती नोंद पाहिली की कुऱ्हाड उचलण्याआधी घरचेही विचार करतील.