जपानी गिऱ्हाईक आणि मालाची प्रत

शेतात उत्तम पीक आले म्हणजे शेतकऱ्याचे कार्य संपले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. जपानमधील शेतकऱ्यास असे समजून चालत नाही. तेथील गिऱ्हाईक फळाची गोडी पाहते, त्याचप्रमाणे वजन, रंग, देठ आणि पेटीतील मांडणीही पाहते. पहिल्या थरास जे फळ दिसले तेच तळाच्या थरास असावे, ही त्याची साधी अपेक्षा असते.

चोखंदळपणा कसा रुजला

ही वृत्ती एका दिवसात आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये मोठी टंचाई होती. शिधावाटपात मिळालेल्या आगकाड्याही धड पेटत नसत. १९४८ साली ओकु मुमेओ यांच्या पुढाकाराने टोकियोतील गृहिणी अशा निकामी काड्या घेऊन एकत्र जमल्या व त्यांनी चांगला माल मागितला. त्यातून ‘शुफुरेन’ ही गृहिणींची संघटना उभी राहिली. भात वाढण्याचा लाकडी चमचा हे तिचे चिन्ह होय. पुढे १९६० साली गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांपैकी बहुतेकांत देवमाशाचे किंवा घोड्याचे मांस असल्याचे उघडकीस आले. त्यावर गदारोळ होऊन १९६२ साली फसव्या वर्णनास आळा घालणारा कायदा झाला. गिऱ्हाईक जागरूक झाले, म्हणून विक्रेत्यास सावध व्हावे लागले.

भेटीचे फळ

उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीस आप्तांना व वरिष्ठांना भेटवस्तू पाठविण्याची तेथे चाल आहे. या भेटीत फळांस मानाचे स्थान असते. फळ सदोष निघाल्यास देणाऱ्यास कमीपणा येतो, म्हणून निर्दोष फळास तो अधिक दाम मोजतो. शिझुओका भागात काचगृहातील खरबुजाच्या एका वेलावर एकच फळ राखतात, बाकीची काढून टाकतात. मियाझाकी येथे आंब्याच्या प्रत्येक फळास जाळीची पिशवी बांधतात व फळ पूर्ण पिकून आपोआप त्या जाळीत पडेपर्यंत वाट पाहतात. त्यांपैकी ३५० ग्रॅम वा अधिक वजनाचे, पुरेशा गोडीचे व डागविरहित फळच ‘ताइयो नो तामागो’ म्हणजे ‘सूर्याचे अंडे’ या नावाने विकले जाते.

प्रतवारीची शिस्त

जपानमध्ये १९४७ च्या कायद्यानुसार शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या. अनेक गावांचा माल संस्थेच्या प्रतवारीगृहात येतो. तेथे आकार आणि गुण यांप्रमाणे फळे निरनिराळी केली जातात. कित्येक ठिकाणी फळ न कापता प्रकाशकिरणांच्या साहाय्याने त्यातील साखर मोजतात. पेटीवर संस्थेची खूण असते. त्यामुळे एका सभासदाने हलका माल घुसडला, तर बट्टा सर्वांना लागतो. प्रत्यक्ष विक्रीच्या दुकानांत तर भाजीच्या जुडीवर पिकविणाऱ्याचे नावच लिहिलेले असते.

या पद्धतीची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. निवड व वेष्टन यांस श्रम फार लागतात. तेथील शेतीत मुख्यतः राबणाऱ्यांचे सरासरी वय ६५ वर्षांहून अधिक आहे. किंचित डाग पडलेले चवदार फळही पहिल्या प्रतीतून बाद होते. असा माल दोष स्पष्ट सांगून स्वस्तात विकतात अथवा रसासाठी देतात. दोष लपविण्यापेक्षा तो सांगून विकणे, हाही त्या व्यवहाराचाच भाग होय.

भारतीय आंब्याचा अनुभव

फळमाशीच्या धोक्यामुळे जपानने १९८६ साली भारतीय आंब्याची आयात बंद केली. ती २००६ साली उघडली. म्हणजे वीस वर्षे बाजारपेठ हातची गेली. त्या वेळी हापूस व केसर यांसह सहा जातींना परवानगी मिळाली. फळाच्या गाभ्याचे तापमान उष्ण बाष्पाने ४७.५ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन २० मिनिटे राखावे, अशी अट होती. त्याच वर्षी जपानने कीटकनाशकांच्या अवशेषांविषयी नवी पद्धत लागू केली. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश दहा लाख भागांत ०.०१ भागांहून अधिक नसावा, असे ठरले. १,००० किलो आंब्यांत हे प्रमाण केवळ १० मिलिग्रॅम भरते. एक चुकीची फवारणी संपूर्ण माल नाकारला जाण्यास पुरेशी ठरू शकते.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

परदेशी माल न पाठविणाऱ्या शेतकऱ्यासही यातून बोध घेता येईल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

१. फवारणीचे औषध, प्रमाण व तारीख वहीत टिपावी आणि काढणीपूर्वीचा ठरलेला काळ पाळावा.

२. फळे देठासह हलक्या हाताने काढावीत. जमिनीवर आपटलेली फळे निराळी ठेवावीत.

३. गावातील बागायतदारांनी प्रतवारीचे नियम एकत्र बसून ठरवावेत व ते सर्वांनी पाळावेत.

४. दुय्यम माल दुय्यम म्हणूनच विकावा.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी भरलेली एक पेटी सर्वांसमक्ष उलटी करून तळाचा थर दाखवावा. तो वरच्या थरासारखाच निघाला, तर ती पेटी बाजारात पाठविण्यास योग्य झाली असे समजावे.