एक फ्यूज काढून ठेव

चि. मनीस,


बारामतीच्या कॉलेजात वीज वितरणाची लॅब तुझ्याकडे आल्याचं ताईकडून कळलं. छान झालं. आता कामाचं बोलतो.

आयत्या जोडून ठेवलेल्या बोर्डावर पोरांकडून नुसती रीडिंग घेऊ नकोस. ती गेल्या वर्षीच्या जर्नलातूनही उतरवता येतात, आणि उतरवतातच. त्यांच्यापुढे बिघाड ठेव. तीन सारखे सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर, प्रायमरी डेल्टा, सेकंडरी स्टार. जोडणी त्यांनाच करू दे. डिमरस्टॅटवर व्होल्टेज कमी ठेव. मग पुरवठा बंद करून प्रायमरीच्या एका लाईनचा फ्यूज काढ, आणि पुन्हा चालू करण्याआधी प्रत्येकाला सेकंडरीचे अपेक्षित आकडे वहीत लिहायला लाव. बरेच जण दोन फेज पूर्ण, एक शून्य असं लिहितील. मीटर दाखवेल एक पूर्ण, दोन अर्ध्या. वर त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये मीटर धरला तर जवळजवळ शून्य! डेल्टातली ती दोन वाइंडिंग आता उरलेल्या दोन लाईनींवर सिरीजमध्ये आलेली असतात, म्हणून. फळ्यावर व्हेक्टर काढून हे पटत नाही, आणि सिम्युलेशनमध्ये पोरं आकडा बघून पुढे जातात.

मग विचार, गावाकडं हे कुठं पाहिलंय? सणसरचा, निमगाव केतकीचा एखादा तरी सांगेल, डीपीवरचा डीओ (प्रायमरीचा फ्यूज) उडाला की बल्ब लालसर पेटतो आणि मोटार नुसती घुमते. (एलईडीवर विसंबू नकोस म्हणावं, बरेचसे अर्ध्या व्होल्टेजवरही लख्ख पेटतात.) डीओ गेला की खालचा एलटी फ्यूज, हे मीटरवरून ओळखणारा पोरगा खांबावर चढायच्या आधीच निम्मं काम उरकतो.

लाईट येताच मोटार आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचचं गणितही घाल. १०० केव्हीएच्या डीपीचा फुल लोड करंट एलटीला सुमारे १३३ अँपिअर. ५ एचपीची मोटार साधारण ७ घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. लाईट आल्या आल्या नीरा डाव्या कालव्यालगतच्या दहा मोटारी एकदम उठल्या, तर किती? महावितरण ऑटो स्विच काढायला का सांगतं, ते मग समजावावं लागत नाही.

आणि लॅबला डिस्चार्ज रॉड मागवून घे. पुरवठा बंद, टेस्टरने खात्री, मग रॉड: आधी अर्थचं टोक घट्ट, नंतर लाईन, काढताना आधी लाईन. जनरेटर-इन्व्हर्टरचा रिटर्न कुठून येईल सांगता येत नाही, त्यामुळे कामाच्या दोन्ही बाजूंना. तोंडी विचारू नकोस, हातानं करून दाखवायला लाव.

तुझा,
मामा