वार्काचा राग का येत नाही?

प्रश्न : चेखवची 'स्लीपी' ही कथा वाचली. बाळ सांभाळायला ठेवलेली तेरा वर्षांची पोर शेवटी त्याच बाळाचा जीव घेते, तरी तिचा राग येत नाही. लेखक तिची बाजूही घेत नाही. मग हे घडतं कसं?

उत्तर : कथा १८८८ची. निवेदन तृतीयपुरुषी, पण निवेदक बसलाय वार्काच्या जड झालेल्या पापण्यांमागे. देवाच्या तसबिरीपुढचा हिरवा दिवा, त्याचा छतावर पडलेला डाग, दोरीवरची दुपटी आणि मोठी काळी विजार, त्यांच्या सावल्या, पाळण्याची करकर, रातकिडा. एवढ्याच सामानावर चेखव खोली उभी करतो आणि तेच सामान पुन्हा पुन्हा समोर आणतो. पहिल्यांदा ते निव्वळ वर्णन वाटतं. नंतर तो हिरवा डाग तिच्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांत शिरतो आणि त्याची स्वप्नं होतात : ढग, चिखलाचा रस्ता, मरणाला टेकलेला बाप. बाप गेला म्हणून ती स्वप्नातल्या रानात रडत असते, तेवढ्यात कुणीतरी मागून डोक्यात असं हाणतं की कपाळ झाडावर आपटतं. डोळे उघडते तर समोर मालक. फटका खरा, झाड स्वप्नातलं, आणि दोन्ही एकाच वाक्यात. वाचणाऱ्यालाही जाग आणि झोप वेगळी काढता येत नाही, आणि मला वाटतं, तुमचा राग इथेच विरायला लागतो.

कथा चालू वर्तमानकाळात आहे, त्यामुळे मागे वळून पाहणारा शहाणा आवाज तिच्यात नाही. दिवस उजाडतो तो हुकमांनी : शेगडी पेटव, समोवार ठेव, मालकाचे रबरी जोडे पूस. त्या मोठ्या जोड्यात डोकं खुपसून जरा डुलकी घ्यावी असं तिला वाटतं. सारं कथन या एका इच्छेभोवती फिरतं.

पात्रचित्रणात नावांकडे लक्ष द्या. मालक-मालकिणीला नाव नाही, ते नुसते हुकूम सोडणारे आवाज आहेत. बाळालाही नाव नाही, ते फक्त रडणं आहे. नाव मिळतं ते मेलेल्या बापाला, येफिम स्तेपानोवला, आणि तिच्या आईला. आपण वार्काला तिच्या माणसांमुळे ओळखू लागतो. बाळाला मात्र ओळखतच नाही. हे पक्षपाती आहेच, पण तो पक्षपात वार्काच्या थकव्याचा आहे.

एकाच ठिकाणी निवेदक तिच्यापासून बाजूला होतो. बाळ हाच आपला शत्रू, असं तिला उमगतं तेव्हा ही समजूत खोटी आहे, असं तो स्पष्ट सांगतो. चेखव १८८४पासून डॉक्टर होता आणि हे एका शब्दातलं निदान डॉक्टरचंच आहे. मला ते फार गरजेचं वाटतं. ते नसतं तर आपण तिच्यासोबत पुरते वाहून गेलो असतो.

आणि प्रत्यक्ष खून? मूळ रशियन वाक्यात तो मुख्य क्रियापदसुद्धा नाही. 'हात धुऊन जेवायला बसली' यात धुणं जसं जाता जाता उरकतं, तसा तो उरकतो. मुख्य क्रियापद आहे जमिनीवर आडवं होण्याचं.