आर्थिक वाढीची गुणवत्ता
राष्ट्रीय उत्पन्न वाढले म्हणजे विकसनशील देशातील जनतेचे जीवन सुधारलेच, असे नाही. वाढीचा लाभ कोणापर्यंत पोहोचला, यावर तिची गुणवत्ता ठरते. दक्षिण कोरियाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथे १९५० च्या जमीन सुधारणेने शेतजमीन धारणेवर सुमारे तीन हेक्टरांची मर्यादा घातली. असंख्य कुळे जमिनीची मालक झाली. प्राथमिक शिक्षणही सार्वत्रिक झाले. त्यामुळे १९६० नंतर निर्यातीसाठी कापडाचे कारखाने उभे राहिले, तेव्हा शेतकऱ्यांची शिकलेली मुले-मुली तेथे रोजगार मिळवू शकली. तथापि कामाचे तास प्रदीर्घ होते आणि कामगार संघटनांवर दडपण होते. ते १९८७ च्या लोकशाही आंदोलनानंतरच सैल झाले. तात्पर्य, जमीन व शाळा यांनी वाढीला पाया दिला, परंतु प्रतिष्ठा स्वातंत्र्यानेच दिली. म्हणून वाढीचा आकडा ऐकताच प्रथम विचारावे : भूमिहीनाच्या लेकराच्या वाट्याला काय आले?